जास्वंदीचं नाव विचारायला जाण्याआधी

शेजारणीने दिलेली काडी लावली, दीड वर्षाने फुलली, आणि आता घरात एकच प्रश्न: ही जास्वंद नक्की कुठली? नर्सरीत किंवा जाणत्या माणसाकडे विचारायला निघालात, तर फोनमधला एकच फोटो घेऊन जाऊ नका. ‘लाल, मोठी’ एवढ्यावर मिळालेलं नाव अंदाजपंचेच असतं.

तयारी सकाळी सुरू करायची. बहुतेक जास्वंदींचं फूल एका दिवसाचं असतं, म्हणून एकच फूल निवडून सकाळी, दुपारी आणि ऊन उतरताना त्याचे फोटो काढा. फूल सावलीत असावं, शेजारी मोजपट्टी धरावी. सकाळी पांढरं उमललेलं फूल संध्याकाळपर्यंत गडद गुलाबी झालं, तर ती हिबिस्कस म्युटाबिलिस (हिबिस्कस हे जास्वंदीच्या गटाचं शास्त्रीय नाव). पुढचे कष्ट वाचले. महिनाही टिपून ठेवा, कारण संकरित जातींचे रंग थंडी-उन्हाप्रमाणे बदलतात.

समोरून फोटो सगळेच काढतात. फूल उलटं करून बघायचं मात्र राहून जातं, आणि खरी ओळख तिथेच असते. पाकळ्यांखालच्या हिरव्या पेल्याच्या, म्हणजे निदलपुंजाच्या खाली अरुंद हिरव्या पट्ट्यांचं आणखी एक कडं दिसेल. त्या पट्ट्या मोजा, त्यांची लांबी लिहा. नेहमीच्या जास्वंदीत त्या सहा-सात आणि सहज दिसणाऱ्या असतात. झुंबरासारखी लोंबणारी, कातरलेल्या पाकळ्यांची जी असते, ती पूर्व आफ्रिकेतली हिबिस्कस शायझोपेटॅलस. तिच्यात त्या एवढ्या बारीक की भिंग लागतं. या दोघींचा संकर बागांमध्ये भरपूर आहे, तेव्हा मधलंच काहीतरी दिसलं तर गोंधळू नका, तसंच लिहा.

मग मधला दांडा. तो पाकळ्यांबाहेर किती येतो, आणि टोकाशी मखमली ठिपके किती? जास्वंदीत पाच. दहा मिळाले आणि फूल मिरचीसारखं मिटलेलंच राहिलं, तर ती मिरची जास्वंद, म्हणजे माल्वाव्हिस्कस, हिबिस्कस नव्हेच. डबल फुलात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे दांडा सापडला नाही तरी चालेल.

विकतचं कलमी झाड असेल तर जोडाच्या वरचीच फांदी घ्या. जोडाखालून फुटलेला फुटवा खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या झाडाचा, त्याची फुलं वेगळीच. (मी एकदा असा फुटवाच कौतुकाने नेला होता.) कळी, फूल आणि जून पानं असलेली वीतभर फांदी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच दिवशी पोचवा. दाबून वाळवणार असाल तर कागद रोज बदला, नाहीतर चिकट पाकळ्या कागदालाच बसतात.

पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, पण अशा ठिकाणी प्रजाती कळते. नर्सरीतल्या वाणाचं, म्हणजे माणसाने निवडून वाढवलेल्या प्रकाराचं नाव संग्रहातल्या वाळक्या नमुन्यांवरून सहसा निघत नाही. त्यासाठी जास्वंदीच वाढवणारा माणूस गाठावा लागतो. त्यानेही ‘बहुधा अमुक’ म्हटलं, तर कुंडीवरच्या पट्टीत नावापुढे प्रश्नचिन्ह काढा, आणि खाली काडी कुणी, कधी दिली तेही लिहा.