धावपट्टी वगळा, एप्रन बांधा: १:४०० विमानांसाठी विमानतळाचा देखावा

नाशिकजवळच्या ओझर विमानतळाची धावपट्टी ३००० मीटरची आहे. १:४०० च्या मॉडेलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या चारशेव्या भागाच्या मापात, ती साडेसात मीटर होते, म्हणजे फ्लॅटच्या हॉलमध्येही मावत नाही. आखूड करून चार फुटांत बसवली, तर तिच्या शेजारी उभ्या केलेल्या एअरबस ए३२० विमानाला उतरायला जागाच नाही हे लगेच दिसतं. मग बाकी काम कितीही सुबक असो, सगळं खेळण्यातलं वाटतं. म्हणून धावपट्टी सोडून द्या. टर्मिनल, त्यासमोरचं एप्रन (विमानं उभी करायची फरसबंद जागा) आणि टॅक्सीवे (धावपट्टीकडे जाणारा विमानांचा रस्ता) एवढाच तुकडा घ्या, तो कुठेही काटछाट न करता पूर्ण मापात बसतो.

हिशोब सोपा आहे: खरा एक मीटर म्हणजे अडीच मिमी. प्लायच्या ८ बाय ४ च्या शीटमधून ४ बाय २ फुटांचे चार तुकडे निघतात. त्यातला एक, १२ मिमी जाडीचा, पुरे. तो १२२० × ६१० मिमी भरतो, म्हणजे प्रत्यक्षातला ४८८ × २४४ मीटरचा परिसर. खालून लाकडी पट्ट्यांची चौकट आणि मध्ये दोन आडव्या पट्ट्या ठोका. साधं एमडीएफ नको, पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात. प्लायला प्रायमर दोन्ही बाजूंनी मारा. एकच बाजू रंगवली की उघडी बाजू दमट हवा शोषते आणि फळी वाकते. १:४०० च्या बऱ्याच मॉडेलची चाकं खरोखर फिरतात, त्यामुळे जराशा उतारावरही विमान हळूच घरंगळतं. पाणसळ लावून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता आखणी, मागच्या कडेपासून पुढे. टर्मिनलला ६५ मिमी, त्यासमोरच्या सर्व्हिस रोडला २५, स्टँडच्या (एका विमानाच्या उभं राहायच्या जागेच्या) खोलीला ११५. ए३२० ची लांबी या मापात ९४ मिमी होते, उरलेली जागा नाकापुढे आणि शेपटीमागे विभागा. स्टँडच्या शेपटीकडच्या रेषेपासून टॅक्सीलेनची (स्टँडपर्यंत ये-जा करायच्या वाटेची) मध्यरेषा ६० मिमीवर घ्या. समांतर टॅक्सीवेची मध्यरेषा मागच्या कडेपासून ४५० मिमीवर येऊ द्या, मध्ये आणि पुढे गवत. टॅक्सीवे १५ मीटर रुंद म्हणजे साडेसदतीस मिमी, दोन्हीकडचे शोल्डर (कडेच्या पट्ट्या) धरून ६२.

स्टँडच्या रुंदीत बहुतेकांचं गणित चुकतं. ए३२० किंवा ७३७ च्या वर्गात पंखांचा विस्तार ३६ मीटरच्या आत असतो आणि दोन विमानांच्या पंखांत साडेचार मीटर मोकळी जागा लागते. म्हणजे दोन स्टँडच्या मध्यरेषांत १०१ मिमी अंतर. सहा स्टँडला ६०६ मिमी लागतात. जागा दिसली म्हणून आठवं-नववं विमान घुसवू नका. ७७७-३०० ईआर हवं असेल तर त्याची लांबी १८५ मिमी आणि पंख १६२. त्याला एका टोकाला वेगळा, जास्त खोल स्टँड द्या आणि तिथे टॅक्सीलेनमध्ये त्याची शेपटी येत नाही ना, ते आखतानाच तपासा.

जमीन रंगवण्यापेक्षा छापलेली चांगली. इंकस्केप या संगणकावरच्या चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये प्रत्यक्ष आकारात चित्र काढा आणि फ्लेक्सवाल्याकडून मागून चिकट असलेल्या मॅट व्हिनाइलवर, वर मॅट लॅमिनेशन करून छापून घ्या. खुद्द फ्लेक्सवर छापू नका, त्याची वीण दिसते आणि ट्यूबलाइट चमकते. लॅमिनेशनआधी छपाई एक दिवस सुकू द्यायला सांगा, नाहीतर शाईतलं सॉल्व्हंट आत अडकून नंतर कडा सुटतात. डांबर काळं ठेवू नका. जुनं डांबर मध्यम राखाडी दिसतं, काँक्रीट त्याहून फिकं आणि किंचित पिवळसर. आधी राखाडीच्या पाच छटांची पट्टी छापून घ्या आणि ती घरच्या उजेडात बघा, दुकानात नव्हे.

टॅक्सीवे आणि स्टँडच्या रेषा पिवळ्या, सर्व्हिस रोडच्या पांढऱ्या. खरी मध्यरेषा १५ सेंमीची, म्हणजे ०.३७५ मिमी. छपाईत ती पुसट होते, म्हणून अर्धा मिमी ठेवा. काँक्रीटवर पिवळ्या रेषेला काळी कड द्या, खऱ्या एप्रनवरही बऱ्याच ठिकाणी अशीच असते. काँक्रीटच्या स्लॅबचे सांधे साडेबारा मिमीच्या चौकटीत, जेमतेम दिसतील असे. ओझरचा विमानतळ एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) असल्याने तिथे फोटो काढण्यावर बंधनं आहेत, रेषांची वळणं उपग्रह नकाशावरून मोजा.

व्हिनाइल थेट प्लायवर चिकटवू नका. पाच मिमीच्या सनबोर्डवर (हलक्या फोमच्या शीटवर) भांडी धुण्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाकलेलं पाणी फवारा, व्हिनाइल ठेवा आणि स्क्वीजीने (पाणी ओढायच्या रबरी पट्टीने) मधून कडेकडे पाणी काढा. मग सनबोर्ड प्लायवर बसवा. टर्मिनलही सनबोर्डचंच, उंची ३५ मिमीच्या आसपास, काचेच्या जागी रेषा छापलेली पारदर्शक शीट. थर्माकोल वापरलाच तर त्याला फेविबाँड किंवा स्प्रे पेंट लावू नका, विरघळतो. एरोब्रिज नेहमी विमानाच्या डाव्या दाराला. ए३२० चं दार जमिनीपासून साडेआठ मिमीवर येतं.

माणूस या मापात सव्वाचार मिमीचा. रेल्वे मॉडेलची झेड स्केलची माणसं १:२२० ची असतात, इथे ती दहा फुटी दिसतील.

गवताला दोन मिमीचे कृत्रिम तंतू नकोत, ते ऐंशी सेंमी उंच होतात. लाकडाचा भुसा मैद्याच्या चाळणीने चाळा, पोस्टर कलरने रंगवून वाळवा आणि पातळ केलेल्या फेविकॉलवर भुरभुरवा. पण आधी महिना ठरवा. मागच्या एका कोपऱ्यात, कंपाउंडच्या सहा मिमी भिंतीपलीकडे द्राक्षबाग केली की देखावा निफाड-ओझरकडचा वाटतो, आणि तिथेच महिना उघडा पडतो. जानेवारीत गवत पिवळं, बाग मात्र गर्द हिरवी. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नुसत्या काड्या. बागेसाठी भांड्यांची हिरवी घासणी पाच मिमी उंच पट्ट्यांत कापा आणि ओळी सात मिमीवर चिकटवा, म्हणजे नऊ फुटी लागण होते.

दिव्यांना तीन मिमीचा एलईडी थेट वापरला तर तो सव्वा मीटरचा कंदील होतो. तो फळीखाली ठेवा आणि अर्ध्या मिमीची, उजेड वाहून नेणारी ऑप्टिकल फायबर वर काढा: टॅक्सीवेच्या कडेला निळे, मध्यरेषेवर हिरवे. पाच व्होल्टच्या चार्जरवर प्रत्येक एलईडीला स्वतंत्र २२० ओहमचा रेझिस्टर द्या. एकाच रेझिस्टरवर सगळे जोडले तर काही उजळ, काही मंद लागतात.

देखावा पश्चिमेच्या खिडकीसमोर ठेवू नका, छपाई उडते. धूळ मऊ ब्रशने झटका, आणि त्याआधी मॉडेल पंखाला नव्हे, धडाला धरून उचला.