फोटोत पक्ष्यामागच्या गवताच्या तारा का होतात, आणि त्या कशा टाळायच्या

जानेवारीतली सकाळ, सोलापूरजवळच्या नान्नजच्या अलीकडचा बांध, आणि बांधावरच्या एका वाळक्या काडीवर बसलेला गप्पीदास. गाडीची काच खाली, खिडकीत ज्वारी भरलेली पिशवी, पिशवीवर लेन्स. पक्षी दहा मीटरवर, ऊन कोवळं, डोळ्यात चमक. पंधरा फोटो काढले, सगळे फोकसमध्ये. घरी येऊन भाचीला दाखवले तर ती म्हणाली, "मामा, पक्षी छान आलाय, पण मागं कुणी तारा ओढल्यात का?"

तारा नव्हत्या, कुसळी गवत होतं. गवताची प्रत्येक काडी फोटोत दोन रेघांची झाली होती. शेकडो काड्या, शेकडो जोड्या. नजर पक्ष्यावर ठरतच नव्हती.

मी चादरींच्या कारखान्यात जॅकार्डची, म्हणजे विणीतच उमटणारी, डिझाइनं काढतो. बुट्टा कितीही देखणा असू दे, चादरीची जमीन, म्हणजे बुट्ट्यामागचं कापड, शांत नसेल तर तो उठत नाही, हे आमच्या धंद्यात पोरगाही पहिल्या महिन्यात शिकतो. पक्ष्यांच्या फोटोत मात्र मला ते समजायला दोन हिवाळे लागले. टेली लेन्स, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, लावली की मागचं सगळं आपोआप लोण्यासारखं होतं, असं मी धरून चाललो होतो. ते खरं नाही. लांबचं लोणी होतं. पक्ष्याला चिकटून असलेलं तसंच राहतं. आणि सगळ्यात वाईट दिसतं ते या दोन्हींच्या मधलं, म्हणजे पक्ष्याच्या मागे साधारण अर्धा ते दोन मीटरवरचं. ते धड ओळखू येत नाही आणि धड विरघळतही नाही.

हे का होतं ते एकदा हिशेबाने बघा, मग रानात उभं राहिल्यावर आपोआप आठवतं. माझी लेन्स २००-५०० मिलिमीटरची, एफ/५.६ (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं). पाचशेवर तिच्या ॲपर्चरचा, म्हणजे उजेड आत येतो त्या भोकाचा, व्यास ५०० भागिले ५.६, म्हणजे सुमारे ८९ मिलिमीटर. मागचा एखादा ठिपका पक्ष्याच्या जागी केवढा पसरलेला दिसेल, हे काढायचं असेल तर या ८९ला पक्ष्यामागच्या अंतराने गुणायचं आणि आपल्यापासून त्या ठिपक्यापर्यंतच्या अंतराने भागायचं. पक्षी १० मीटरवर, गवत त्याच्या मागे १ मीटरवर: ८९ गुणिले १ भागिले ११, म्हणजे ८ मिलिमीटर. गवताची काडी ३ मिलिमीटर जाडीची. ती सुमारे ११ मिलिमीटरच्या पट्ट्यात पसरली, पण शेजारच्या काडीत मिसळली नाही. तेच गवत १० मीटर मागे असतं तर? ८९ गुणिले १० भागिले २०, म्हणजे जवळपास ४५ मिलिमीटर. एका काडीवर दहा काड्यांचा रंग चढतो आणि उरते फक्त सोनेरी जमीन.

आता त्या पट्ट्याच्या दोन रेघा का होतात? फोकसबाहेरचा ठिपका लेन्समधून चकतीसारखा उमटतो. काही लेन्समध्ये त्या चकतीची कड मधल्या भागापेक्षा जास्त उजळ असते. अशा कडदार चकत्या एका ओळीत लावल्या की दोन्ही कडा मिळून दोन रेघा तयार होतात. याचं मूळ गोलीय विपथनात आहे, म्हणजे भिंगाच्या कडेचे आणि मधले किरण नेमके एकाच जागी न जुळणं. ते दुरुस्त करताना दुरुस्ती थोडी जास्त झाली की मागच्या चकत्यांना कड येते, आणि त्याच लेन्समध्ये पुढच्या चकत्या मऊ होतात. म्हणून एखाद्या लेन्समध्ये पक्ष्यापुढचं गवत सुंदर विरघळतं आणि मागचं टोचतं. हा गुण लेन्स विकत घेतानाच येतो, आपल्याला बदलता येत नाही. अंतर मात्र आपल्या हातात असतं.

त्यातला सगळ्यात मोठा फरक उंचीने पडतो. माळावर चंडोल जमिनीवर चरतोय असं समजा. डोकं जमिनीपासून १० सेंटिमीटरवर, आपण १० मीटर लांब. उभं राहून, लेन्स दीड मीटर उंचीवर धरून फोटो काढला तर चंडोलाच्या डोक्यावरून गेलेली नजर त्याच्या मागे फक्त ७० सेंटिमीटरवर जमिनीला टेकते. म्हणजे बॅकग्राउंड ७० सेंटिमीटरवरचे खडे आणि खुंट. तीच लेन्स जमिनीपासून २० सेंटिमीटरवर आणली की नजर डोक्यावरून जाते ती थेट १० मीटर मागे टेकते. पक्षी तोच, लेन्स तीच, आणि मागची चकती ६ मिलिमीटरवरून ४५ मिलिमीटरवर. हजारो रुपये खर्चूनही एवढा फरक विकत मिळत नाही. पोटावर झोपा. कुसळं शर्टात घुसतात, संध्याकाळी आई एकेक काढत बसते, तरी झोपा. झोपण्याआधी जमीन बघून घ्या, टिटवीची अंडी उघड्या खड्यांतच असतात आणि ती खड्यांसारखीच दिसतात. टिटवी डोक्यावर ओरडत फिरत असेल तर तिथून निघून जा, तो फोटो सोडून द्या.

नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या हद्दीत हे झोपणं वगैरे चालत नाही. तिथे वनखात्याच्या परवानगीने आणि सांगितलेल्या वाटेनेच जायचं. गाडीतून काढायचं असेल तर उंची कमी करायचे दोन मार्ग आहेत: रस्ता जिथे रानापेक्षा खाली आहे तिथे थांबणं, आणि जमिनीवरचा पक्षी सोडून बांधावरचा, दगडावरचा, काडीच्या टोकावरचा पक्षी धरणं. काडीवरच्या पक्ष्यामागे माळ उताराने लांब गेलेला असेल तर गाडीतूनही बॅकग्राउंड स्वच्छ येतं. खाटीक आणि नीलपंख या पक्ष्यांचे माझे चांगले फोटो सगळे असेच मिळालेत. गवत मात्र कापायचं नाही, काडी मोडायची नाही. ते माळावरच्या जिवांचं घर आहे.

दुसरं, जवळ जाणं. वरच्याच हिशेबात पक्षी १०ऐवजी ५ मीटरवर आला आणि गवत त्याच्या मागे १ मीटरवरच राहिलं, तर चकती ८वरून १५ मिलिमीटर होते. शिवाय पक्षी चौकटीत दुप्पट मोठा. पण जवळ जायचं म्हणजे पाठलाग करायचा असं नाही. वेडे राघू ठरलेल्या तारेवर किंवा फांदीवर परत परत येतात. तो उडाल्यावर फांदीजवळ जाऊन गाडी लावून बसायचं आणि वाट बघायची.

तिसरं, सरकणं. इथे बरेच जण चुकतात. आपण उजवीकडे सरकलो की मागची वस्तू पक्ष्याच्या मागून उजवीकडेच सरकते, पण किती सरकेल ते तिच्या अंतरावर असतं. ४० सेंटिमीटर सरकलो, तर १० मीटर मागचा बाभळीतला पांढरा झरोका २० सेंटिमीटर हलतो, म्हणजे पक्ष्याच्या डोक्यामागून सहज बाहेर पडतो. पण १ मीटर मागची काडी साडेतीन सेंटिमीटरच हलते. तेव्हा लांबचा उजेड डोक्याला चिकटला असेल तर अर्धं पाऊल पुरतं. जवळची काडी डोक्याला चिकटली असेल तर सरकत बसू नका, उंची बदला किंवा पक्षी मान वळवेपर्यंत थांबा.

ॲपर्चर बंद करून हा त्रास जात नाही, बहुतेक वेळा वाढतो. "शार्पनेससाठी एफ/८ ठेव" हा सल्ला मी वर्षभर पाळला. एफ/८ला माझं ८९चं भोक ६२ मिलिमीटर होतं, मागच्या चकत्या लहान होतात, आणि काड्या आणखी ओळखू येतात. गवतात मी आता पूर्ण उघडंच ठेवतो. कन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवायचं वाढीव भिंग, लावल्याने पक्षी मोठा होतो, पण पक्ष्याच्या मानाने मागची चकती वाढत नाही, कारण पुढचं भोक तेवढंच राहतं. आणि कडा मला तरी जास्त टोचतात.

आता फिल्टरची, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसवायच्या काचेची गोष्ट, कारण यात माझा एक अख्खा हंगाम गेला. एवढं सगळं कळूनही माझं बॅकग्राउंड खरखरीत येत होतं, वीस मीटर मागचं रानसुद्धा. लेन्स विकायचं ठरलं होतं. शेवटी गच्चीवर तपासायला बसलो. आठ मीटरवर पाण्याची बाटली, तिच्या मागे एक, दोन आणि चार मीटरवर उभे केलेले तीन खराटे. खराट्याच्या काड्या म्हणजे गवताची नक्कलच. फोकस बाटलीवर. एक फोटो नेहमीसारखा, एक पुढचा यूव्ही फिल्टर काढून. दुसऱ्या फोटोत काड्या मऊ! लेन्स घेताना दुकानदाराने "काच वाचेल" म्हणून ९५ मिलिमीटरचा स्वस्त फिल्टर गळ्यात मारला होता. स्वस्त काच पूर्ण सपाट नसते. छोट्या लेन्सवर ते जाणवत नाही, पण पाचशेवर तिचा बारीकसा वाकडेपणाही मागच्या चकत्या फाडतो. तेव्हापासून लेन्सच्या पुढे फक्त हूड, म्हणजे आडोशाची नळी. घरी खराटा आहेच, तुम्हीही आजच करून बघा. आणि रात्री काळ्या कागदाला टाचणीने भोक पाडून मागे मोबाइलची टॉर्च धरली आणि फोकस त्याच्या पुढच्या वस्तूवर ठेवला, की आपल्या लेन्सची चकती कशी आहे, तिला कड किती आहे, ते स्वच्छ दिसतं. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारी आरशाची ५०० एफ/८ घ्यायचा विचार असेल तर ही तपासणी आधी करा. तिच्या मधोमध आरसा असतो, त्यामुळे चकती मेदूवड्यासारखी येते, आणि पाण्यावरची चमक म्हणजे नुसते मेदूवडे.

पाण्याचा विषय निघालाच आहे. हिप्परग्याच्या तलावावर सूर्य समोर असताना लाटांवर हजार आरसे चमकतात, आणि शेकाट्याच्या मागे हजार चकत्या उमटतात. काहींना आवडतात, मला नाही. तिथे मी सूर्य पाठीशी घेतो, किंवा काठावरच्या झाडांची सावली पाण्यात पडलेली असते त्या पट्ट्यात पक्षी येईपर्यंत थांबतो. सावलीतलं बॅकग्राउंड सगळीकडेच शांत असतं, कारण त्यात उजेड-अंधाराची भांडणं नसतात.

आणि सोलापूरचं ऊन. मार्चनंतर नऊ वाजता माळ तापला की जमिनीलगतची हवा थरथरायला लागते. त्या हवेतून काढलेल्या फोटोत पक्ष्याचा डोळा मऊ होतो आणि मागचं मात्र तुटक, कडदार दिसतं. लेन्सला दोष देऊ नका, घरी जा. मी साडेसहाला माळावर असतो आणि साडेआठला आवरतो.

काँप्युटरवर थोडं सावरता येतं. शार्पनिंग, म्हणजे कडा धारदार करणं, फक्त पक्ष्यावर मास्क करून (तेवढाच भाग निवडून) द्या. पूर्ण फोटोला दिलं की प्रत्येक काडीची कड आणखी कोरली जाते, आणि बऱ्याच फोटोंत अर्धा दोष याचाच असतो. बॅकग्राउंडचा मास्क घेऊन क्लॅरिटी आणि टेक्स्चर (बारकावे उठवणारे स्लायडर) उणे वीस-तीसपर्यंत, हायलाइट्स, म्हणजे उजळ भाग, खाली. त्यापुढे गेलात तर पक्ष्याभोवती उजळ कडं येतं आणि तो कापून चिकटवल्यासारखा दिसतो. सॉफ्टवेअरने नवं धूसर बॅकग्राउंड बनवायच्या मी विरुद्ध आहे. तो माळ तसा नव्हता.

गेल्या डिसेंबरात त्याच बांधाजवळ गाडी लावली. आधी पक्षी शोधला नाही. बांधावरच्या काड्या एकेक करून व्ह्यूफाइंडरमधून बघितल्या, कुठल्या काडीमागे रान लांब उतरलंय ते. चौथी काडी तशी निघाली, मागे पार ओढ्यापर्यंत मोकळं. तिच्यासमोर पिशवी ठेवून पन्नास मिनिटं बसलो. गप्पीदास दोनदा शेजारच्या काडीवर बसून गेला, मी शटरला बोट लावलं नाही. तिसऱ्यांदा तो चौथ्या काडीवर आला.

भाचीला फोटो पाठवला. तिने विचारलं, "मामा, हा छातीवरचा नारिंगी रंग खरा एवढा असतो का?"