इटलीत जाल तर दोन गावं धरा, दहा नाही

मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं इटलीला जाऊन आलो तेव्हापासून दारव्ह्यापासून यवतमाळपर्यंत जो भेटतो तो विचारतो, "काकू, तिकडं खाचं काय बाप्पा? आन् इंग्रजी नसन येत त कसं होते?" प्रत्येकाला फोनवर सांगून सांगून थकले म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते, ज्याला जायचं त्यानं वाचून घ्यावं.

पहिली गोष्ट म्हणजे दहा दिवसांत दहा शहरं दाखवणारी टूर घेऊ नका. त्या बसा सकाळी अकराला गावाबाहेर उभ्या राहतात, चारला निघून जातात, आणि लहान गाव खरं जागं असतं ते सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर. आपल्याच गावाचं बघा ना, दुपारी दोनला कोणी आलं तर त्याला काय दिसेल, बंद दारं आणि लिंबाखाली झोपलेलं कुत्रं. म्हणून दोनच गावं धरायची आणि एकेका ठिकाणी तीन-चार रात्री राहायचं. आम्ही मध्य इटलीत उंब्रिया भागातलं ऑर्व्हिएतो आणि दक्षिणेतलं मातेरा धरलं होतं, रोमला फक्त दीड दिवस दिला आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.

वेळ आपल्यासाठी सगळ्यात चांगली म्हणजे हरभरा-गहू घरात आला की एप्रिल-मे, मृगाच्या आधी परत यायचं. आपल्याकडं पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो आणि तिकडं संध्याकाळी स्वेटर लागतं. व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच, प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो, फी 90 युरो, आणि प्रवास विमा कमीत कमी 30,000 युरोचा पाहिजे. फाईल आम्ही मुंबईला जाऊन दिली. शेतकऱ्याकडं पगाराची स्लिप नसते म्हणून आम्ही सातबारा इंग्रजीत भाषांतर करून जोडला, बँकेचं स्टेटमेंट जोडलं, सगळ्या रात्रींचं बुकिंग जोडलं, आणि झालं काम. सोबत न्यायला चिवडा, शेंगदाण्याची चटणी ठीक आहे पण पेढे, खव्याची बर्फी, तूप काहीच ठेवू नका, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपात मनाई आहे, आणि आपली संत्री पण तशी नेता येत नाहीत.

ऑर्व्हिएतो रोमहून रेल्वेनं सव्वा तासाच्या आसपास. स्टेशन खाली आणि गाव वर, ज्वालामुखीच्या मऊ दगडाच्या सपाट डोंगरावर, स्टेशनच्या समोरूनच तारेनं ओढली जाणारी छोटी गाडी वर नेते. चर्च भव्य आहे, 1290 साली सुरू झालेलं, खांदे-गुडघे झाकलेले कपडे घालून जा, आपल्या साडी-सलवारला काहीच अडचण नाही. पण आमचे हे जिथून हलायला तयार नव्हते ती विहीर होती. 1527 मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट इथं येऊन राहिला आणि वेढा पडला तर पाणी पाहिजे म्हणून त्यानं ती खोदायला लावली, 1537 मध्ये पूर्ण झाली. साधारण 53 मीटर खोल, 248 पायऱ्या, आणि खरी गंमत म्हणजे गोल भिंतीत दोन वेगळे जिने एकमेकांभोवती फिरत जातात, एकानं खेचरं रिकामी उतरायची आणि तळाच्या पुलावरून दुसऱ्यानं पाणी घेऊन चढायची, कुठंच समोरासमोर येत नाहीत. आपल्याकडं पायविहिरीत एकच जिना, भरली घागर घेऊन चढणारीला उतरणारी अडते, हे ज्यानं पाहिलंय त्याला ती विहीर लगेच समजते. भिंतीत खिडक्या आहेत, त्यातून पलीकडच्या जिन्यावरचे लोक दिसतात पण भेटत नाहीत. हे खिडकीच्या कडेवर हात फिरवत म्हणाले, "काय डोकं लावलं गा यानं, पाचशे वर्षं होत आली."

आता गाड्यांचं नीट वाचा कारण इथंच माणूस फसतो. लोकल गाडीचं कागदी तिकीट घेतलं तर चढायच्या आधी फलाटावरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर तिकीट असूनही दंड. बसचं तिकीट पुष्कळदा बसमध्ये नाही, तंबाखूच्या दुकानात मिळतं, बाहेर मोठा टी लिहिलेली पाटी असते. आणि वेळापत्रकात दोन शब्द शोधायचे, फेरियाली म्हणजे कामाचे दिवस आणि फेस्तिवी म्हणजे रविवार आणि सुट्ट्या. आम्हाला हे माहीत नव्हतं, 25 एप्रिलला एका फाट्यावर अडीच तास बसलो, बस येतच नव्हती, कारण तो त्यांचा राष्ट्रीय सुट्टीचा दिवस. 1 मेचंही तसंच. गाडी भाड्यानं घेणार असाल तर जुन्या गावाच्या वेशीवर झेड-टी-एल अशी पाटी, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी, दिसली की आत घालू नका, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र महिन्यांनी घरी येतं.

जेवणाच्या वेळा त्यांच्या पाळाव्या लागतात, आपल्या नाही. दुपारी साधारण साडेबारा ते अडीच, रात्री साडेसातच्या पुढं, मधल्या वेळात चूल बंद. सकाळी बारवर, म्हणजे त्यांच्या चहा-कॉफीच्या टपरीवर, उभ्यानं कॉफी घ्या, टेबलावर बसलं की पुष्कळ ठिकाणी भाव वाढतो. बिलात कोपेर्तो म्हणून माणशी एक-दोन-तीन युरो असतात, ते टेबलाचे आणि ब्रेडचे, त्यावरून वाद घालू नका, मेनूवर आधीच लिहिलेलं असतं. सगळे पदार्थ ओळीनं मागवायची सक्ती नाही, एक पास्ता आणि एक भाजी घेतली तरी चालते.

शाकाहारी असाल तर नुसतं व्हेज म्हणून भागत नाही. बाईनं म्हणायचं "सोनो व्हेजेतारियाना", पुरुषानं "व्हेजेतारियानो", आणि पुढं लगेच "सेन्झा कार्ने, सेन्झा पेश्शे", मांस नको मासे नको. तरी दोन गोष्टी विचाराच, ब्रोदो आहे का, म्हणजे मांसाचं पाणी, आणि अच्चुगे आहेत का, म्हणजे बारीक खारे मासे, हे दोन्ही दिसत नाहीत पण असतात. पार्मेजान चीजमध्ये दूध घट्ट व्हायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, ज्यांना चालत नाही त्यांनी "सेन्झा फोर्माज्जो" म्हणावं. एवढं केलं की उपाशी राहत नाही, उलट दक्षिणेत तर आपलंच जेवण वाटतं.

मातेराला जायला बारी शहराहून छोटी रेल्वे गाडी आहे, अरुंद रुळांची, दीड-पावणेदोन तास, रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं ते आधी पाहा. मी खिडकीत बसले आणि आमच्याकडची शकुंतला रेल्वे आठवली, तशीच हळू, तशीच शेतातून. मातेरात लोक डोंगरात कोरलेल्या घरांत राहायचे, एकाच खोलीत घरचे आणि त्यांचं गाढव, 1952 मध्ये कायदा करून सरकारनं जवळपास 15,000 लोकांना तिथून हलवलं, आणि तीच वस्ती 1993 मध्ये जागतिक वारसा झाली. एक गुहाघर जसंच्या तसं ठेवलंय ते नक्की पाहा. भर चौकाखाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं आहे, पन्नास लाख लिटरचं, आता आत फिरता येतं. पाण्यासाठी टँकरची वाट पाहिलेल्या माणसानं ते बघावंच.

तिथला ब्रेड बन्सी गव्हाच्या जातीच्या पिवळ्या रव्याचा, कडक पाठीचा, आत लुसलुशीत, मोठाच्या मोठा. पूर्वी घरी पीठ मळायचं आणि गावच्या भट्टीत भाजायला द्यायचं, मग कोणाचा ब्रेड कोणता हे कळावं म्हणून प्रत्येक घराचा लाकडी शिक्का असायचा, वर मूठ आणि खाली घराची अक्षरं कोरलेली, कच्च्या पिठावर दाबायचा. मी तो हातात धरून पाहिला, गुळगुळीत झालेली मूठ. आपण चक्कीवर डब्यात नावाची चिठ्ठी टाकतो ना, तेच काम. 1 ऑगस्टला क्रापियाता करतात, कापणी झाली की आजूबाजूची घरं आपापलं कडधान्य आणून एकाच भांड्यात शिजवायची, आपला सप्त्याचा काला जसा.

आणि हे तर मी सगळ्यांना सांगते. तिथं फेर्रिचेल्ली नावाचा पास्ता मिळतो, कणकेचा तुकडा बारीक लोखंडी काडीवर गुंडाळून लाटायचा आणि काडी ओढून घ्यायची. अहो हे सरगुंडेच! आपण काडीवर वळून आमरसासोबत खातो, ते त्यावर तेलात परतलेला ब्रेडचा चुरा आणि क्रुस्को टाकतात. क्रुस्को म्हणजे माळा करून वाळवलेली लाल मिरची, गरम तेलात क्षणभर टाकली की काचेसारखी कुरकुरीत, पण अजिबात तिखट नाही, भिवापुरी समजून घाबरू नका. सुक्या बाकल्याचं घट्ट वरण आणि वर कडू पालेभाजी, फावे ए चिकोरिये म्हणतात, ते रात्री मागवा.

राहायला एखादी रात्र अग्रितुरिस्मोत काढाच, शेतकऱ्याच्या घरी, त्यांच्याच शेतातलं जेवण. भाषा येत नसली तरी हे आणि तो घरमालक संध्याकाळी जैतुनाच्या झाडाखाली तासभर बोलत होते, एक मराठीत, एक इटालियनमध्ये, छाटणी दाखवून. गावात कुठं साग्रा असं पोस्टर लागलेलं दिसलं तर बाकी बेत मोडून जा, ती एखाद्या पदार्थाची जत्रा असते. आधी खिडकीवर पैसे देऊन चिठ्ठी घ्यायची, मग लांब बाकांवर सगळ्यांत बसून जेवायचं, अगदी पंगत.

मातेरातून निघायच्या दिवशी सकाळी लवकर बेकरीत जा. "मेद्झो किलो" म्हणजे अर्धा किलो, सुरीनं कापून तोलून देतात, कागदात गुंडाळून पिशवीत टाका, चार-पाच दिवस मऊ राहतो, आम्ही शेवटचा तुकडा मुंबईच्या विमानात शेंगदाण्याच्या चटणीसोबत खाल्ला.