प्लॅन ९ शिकायची असेल तर सुरुवात कुठून करावी?

डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स (अनेक मशीन जोडून एकच सिस्टिम म्हणून चालवणे) हा विषय आपल्याकडे बहुतेक जण परीक्षेपुरता वाचतात. आरपीसी, नेमिंग, ट्रान्स्परन्सी हे शब्द पाठ होतात, पण या कल्पनांवर उभी असलेली अख्खी सिस्टिम हाताळायला मिळत नाही. मला ती प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये मिळाली.

युनिक्स जिथे घडली, त्या न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्येच रॉब पाइक, केन थॉम्पसन, डेव्ह प्रेसोटो यांच्या गटाने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिचे काम सुरू केले. १९९२ मध्ये ती विद्यापीठांना मिळाली, २००० मध्ये तिचा सोर्स सर्वांसाठी खुला झाला. २०२१ पासून ती एमआयटी परवान्याखाली आहे. ९फ्रंट हा तिचा फोर्क, म्हणजे मूळ कोडवरून इतरांनी पुढे चालवलेली आवृत्ती, आजही जोमाने चालू आहे आणि नवख्याने तोच घ्यावा.

आधी क्यूएमू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्येच चालवा. खऱ्या लॅपटॉपवर वायफायशी झगडण्यात उत्साह संपतो. ग्लेंडा या नावाने आत गेलात की रिओ ही विंडो सिस्टिम समोर येते. तीन बटणांचा माऊस हवाच, आणि प्रोग्रॅम थांबवायला कंट्रोल-सी नव्हे, डिलीट दाबायचे. पहिले काही दिवस हात अडखळतात. त्यावरून सिस्टिमबद्दल मत बनवू नका.

खरी गंमत पुढे आहे. युनिक्समध्ये ‘सगळे फाइल आहे’ असे म्हणतात, पण नेटवर्क आले की सॉकेटचे वेगळे सिस्टिम कॉल वापरावे लागतात. इथे टीसीपी जोडणी हवी असेल तर /नेट/टीसीपी मधली क्लोन फाइल उघडायची. वाचली की जोडणीचा क्रमांक मिळतो. त्या क्रमांकाच्या डिरेक्टरीतली डेटा फाइल वाचायची, लिहायची. आणि जोडणी कुणाशी करायची, ते आधी उघडलेल्या क्लोन फाइलमध्येच साध्या मजकुरात लिहायचे, कारण उघडल्यावर ती त्या जोडणीची कंट्रोल फाइल झालेली असते. हे शेलमधून स्वतः करून पाहा. मी ते केले तेव्हा नेटवर्क प्रोग्रॅमिंगकडे बघण्याची माझी दृष्टी बदलली.

दुसरी कल्पना नेमस्पेसची. प्रत्येक प्रोसेसला फाइलींचे स्वतःचे झाड असू शकते आणि माउंट, बाइंड वापरून ते हवे तसे रचता येते. फाइल सर्व्हरशी होणारे सगळे बोलणे ९पी या एकाच प्रोटोकॉलने चालते, मग सर्व्हर याच मशीनवर असो की दुसऱ्या. या दोन गोष्टी जुळल्या की काय होते? गेटवे मशीनचे /नेट आपल्या नेमस्पेसमध्ये आणायचे, की आपले प्रोग्रॅम त्या मशीनच्या नेटवर्कमधून बाहेर बोलतात. त्यासाठी प्रोग्रॅममध्ये एक ओळही बदलावी लागत नाही. माझ्या मते डिस्ट्रिब्युटेड सिस्टिमची इतकी नितळ मांडणी दुसरीकडे क्वचितच दिसते.

वाचायचे असेल तर मॅन्युअलचा पाचवा विभाग घ्या. ९पीचे सगळे संदेश तिथे आहेत, आणि ते मोजकेच आहेत: अटॅच, वॉक, ओपन, रीड, राइट, क्लंक वगैरे. एका बैठकीत वाचून होतात.

आणखी एक आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. यूटीएफ-८ हे एन्कोडिंग (अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) थॉम्पसन आणि पाइक यांनी १९९२ मध्ये याच सिस्टिमसाठी आखले आणि लगेच तिच्यात वापरले. आज आपण टाइप करतो ते मराठी त्यातच साठते, दर देवनागरी चिन्हामागे तीन बाइट.

‘याने नोकरी मिळेल का?’ असे ज्युनिअर विचारतात. प्लॅन ९च्या नावाने जागा निघत नाहीत, हे स्पष्ट सांगतो. पण विंडोजवर लिनक्स चालवणारे डब्ल्यूएसएल फाइली देण्याघेण्यासाठी ९पी वापरते. क्यूएमूही होस्टची (मूळ मशीनची) डिरेक्टरी गेस्टला (आतल्या व्हर्च्युअल मशीनला) ९पीवरून देऊ शकते. प्रोग्रॅम इतरांपासून वेगळा ठेवून चालवणाऱ्या कंटेनरमागे असलेल्या लिनक्स नेमस्पेसची कल्पना इथूनच प्रेरित आहे. पाइक आणि थॉम्पसन पुढे गो भाषेच्या निर्मात्यांमध्ये होते आणि तिच्या चॅनेल्सना प्लॅन ९वरच्या भाषांची पूर्वपीठिका आहे. मुलाखतीत कंटेनरवर प्रश्न आला तर केवळ आज्ञा न सांगता त्यामागचे कारण सांगता येते.

वेब ब्राउझिंगसारखी रोजची कामे मात्र लिनक्सवरच ठेवा.

थोडी ओळख झाली की एक छोटा ९पी सर्व्हर लिहा. सी भाषेत लिहायचा तर लिब९पी ही लायब्ररी आहे, नाहीतर तुमच्या आवडीच्या भाषेत लिहा. त्यात एकच फाइल ठेवा, वाचली की सध्याची वेळ देणारी. मग लिनक्स कर्नलमध्ये असलेल्या ९पी क्लायंटने ती टीसीपीवरून माउंट करा आणि फाइल वाचून दाखवणारी कॅट ही आज्ञा चालवून बघा.