काचबिंदूच्या थेंबांऐवजी स्वस्त औषध घेण्यापूर्वी काय तपासावे

कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहणारी माझी आत्या गेली कित्येक वर्षे रात्री झोपताना दोन्ही डोळ्यांत लॅटानोप्रोस्ट या काचबिंदूच्या औषधाचा एकेक थेंब घालते. मागच्या उन्हाळ्यात नेहमीची बाटली मिळाली नाही, तेव्हा दुकानातून तिला “हेही काचबिंदूचेच आहे, निम्म्या किमतीत बसते” असे सांगून दुसरी देण्यात आली. दुसऱ्या दिवशी माडीचा जिना चढताना तिला धाप लागली, छातीत घरघर सुरू झाली आणि रात्री नेब्युलायझर लावावा लागला. बाटली उजेडात धरून बारीक अक्षरे वाचल्यावर कळले की आत टिमोलोल होते. आत्याला दमा आहे आणि दम्याच्या रुग्णांना टिमोलोल वर्ज्य असते. ते काचबिंदूचे औषध आहे हे खरेच होते, पण तिच्यासाठी नव्हते.

औषध स्वस्त असणे हा दोष नव्हे. तोच घटक, तेवढ्याच प्रमाणात, जनऔषधी केंद्रात किंवा दुसऱ्या कंपनीच्या नावाने कमी दरात मिळत असेल, तर डॉक्टरांना विचारून तो जरूर घ्यावा. आयुष्यभर चालणाऱ्या औषधाचा खर्च पेन्शनवर जगणाऱ्या घराला किती जड जातो, हे मी जवळून पाहिले आहे. धोका आहे तो घटकच बदलण्यात, आणि काचबिंदूत ही चूक लवकर लक्षातही येत नाही. डोळ्यातला दाब वाढला तरी बहुधा दुखत नाही. नजर कडेकडून कमी होत जाते आणि समोरचे बराच काळ स्पष्ट दिसत राहते. मोतीबिंदूने गेलेली नजर सहसा शस्त्रक्रियेने परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही.

म्हणून सर्वप्रथम जुन्या बाटलीचा खोका जपून ठेवावा आणि दुकानात तोच दाखवावा. खोक्यावरचे एक नाव कंपनीने औषधाला दिलेले असते. त्याशिवाय घटकाचे नाव आणि टक्केवारी असते, उदाहरणार्थ लॅटानोप्रोस्ट ०.००५ टक्के किंवा टिमोलोल ०.५ टक्के. नव्या खोक्यावरचा हा मजकूर जुन्याशी अक्षरशः जुळला पाहिजे. एकाऐवजी दोन घटक दिसले, तर ते मिश्रण आहे, आणि अनेक मिश्रणांत दुसरा घटक टिमोलोलच असतो. दम्याखेरीज ज्यांची नाडी मंद चालते किंवा ज्यांना हृदयाचा काही विशिष्ट त्रास आहे, त्यांनाही तो घातक ठरू शकतो, कारण डोळ्यात घातलेला थेंब अश्रूंच्या नळीतून नाकात उतरतो आणि तेथून रक्तात जातो. एवढ्याशा थेंबाने छातीला काय होणार, असे आत्यालाही वाटले होते.

घटक जुळला नाही, तर बाटली घेऊ नये. चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधाच्या जागी डॉक्टरांना न विचारता दुसरे देण्याची मुभा औषध नियमांनुसार दुकानदाराला नाही, त्यामुळे दुकानातूनच डॉक्टरांना फोन लावण्याची विनंती करताना संकोच करण्याचे कारण नाही.

सर्वांत जास्त सावध राहावे ते डोळे लाल झाल्यावर किंवा खाजल्यावर घेतल्या जाणाऱ्या स्वस्त थेंबांपासून. त्यांतल्या अनेकांत डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोनसारखे स्टेरॉइड असते. त्याने लाली एक-दोन दिवसांत उतरते आणि रुग्ण खूश होतो. पण तेच थेंब काही आठवडे चालू राहिले, तर डोळ्याचा दाब वाढू शकतो आणि काचबिंदूच्या रुग्णांत ही शक्यता अधिक असते. शेजारच्या घरातली उरलेली बाटली तर कधीच वापरू नये.

घटक जुळल्यावरही नव्या बाटलीची ओळख करून घ्यावी. तिच्यातला टिकाऊपणासाठीचा पदार्थ वेगळा असू शकतो आणि त्याने डोळे चुरचुरतात. थेंब आकाराने मोठा असेल, तर बाटली महिन्याआधीच संपते. साठवण कशी करायची तेही वाचावे. लॅटानोप्रोस्टच्या पुष्कळ बाटल्या उघडेपर्यंत २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. एप्रिल-मेच्या दुपारी लक्ष्मीपुरीतून औषध घेऊन ते गाडीच्या डिकीत टाकून बाजार करत फिरू नये, सरळ घर गाठावे.

थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबून धरावा, म्हणजे औषध रक्तात कमी जाते. दुसरे थेंब घालायचे असतील, तर मध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्यावीत.

पैशांअभावी थेंब बंद करण्याची वेळ आली, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. परवडणारा पर्याय तेच सुचवू शकतात. सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागातही विचारता येईल. कोणताही बदल झाला, की डोळ्याचा दाब पुन्हा कधी मोजायचा याची तारीख त्याच भेटीत ठरवून घ्यावी आणि त्या दिवशी घरातल्या सगळ्या बाटल्या, रिकाम्या आणि अर्धवट संपलेल्याही, पिशवीत घालून न्याव्यात. आत्याच्या फाइलीत आता पहिल्याच पानावर लॅटानोप्रोस्टच्या खोक्याची कापलेली बाजू चिकटवलेली आहे आणि तिच्याखाली लाल शाईने लिहिले आहे: “दमा आहे, टिमोलोल देऊ नये.”