ही लक्ष्मी कोणाची? संग्रहालयातल्या नोंदींविषयी

संग्रहालयात नोंदणीच्या कामाला नवीन कोणी आलं की मी आधी राजा रविवर्मांची छापील लक्ष्मी पुढ्यात ठेवते. 'कलाकार' या रकान्यात बहुतेक जण बेधडक 'रविवर्मा' लिहितात. पण समोर असतो तो शिळाछाप (लिथो), म्हणजे दगडावरून कागदावर उतरवलेला छाप. तैलचित्र रविवर्मांचं, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करणारे कारागीर दुसरेच, छापखाना तिसरा. आम्ही निर्मात्याच्या रकान्यात छापखाना लिहितो आणि रविवर्मांचं नाव 'मूळ चित्र' या वेगळ्या रकान्यात. तुम्ही काढलेला फोटो ही आणखी निराळी वस्तू. त्याची तारीख छापाच्या रकान्यात गेली की अभ्यासकाला 2024 सालची लक्ष्मी सापडते!

सालाचा घोळ याहून मोठा. रविवर्मांचा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, मग फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. रविवर्मा 1906 साली वारले, छपाई चालूच राहिली. म्हणून चित्राखालचा मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्या, स्पेलिंगच्या चुकांसकट. तिथे मळवलीशेजारच्या कार्ल्याचं नाव असेल तर मुंबईचा काळ बाद. तरीही नेमकं साल हाती लागत नाहीच. मग वाचणाऱ्यासाठी 'सुमारे 1910' लिहायचं आणि संगणकाला शोधता यावं म्हणून 1900 व 1920 ही दोन टोकं वेगळ्या रकान्यांत भरायची.

एकाने 'लिथो', दुसऱ्याने 'शिळाछाप', तिसऱ्याने 'ओलिओग्राफ' लिहिलं की एकाच कपाटातले कागद शोधताना तीन दिशांना पांगतात. शब्दांची यादी आधी ठरवा आणि भिंतीवर चिकटवा. आमच्याकडे सगळे 'शिळाछाप'. वार्निश चढवून तैलचित्राची झाक आणली असेल तरच पोटप्रकारात 'ओलिओग्राफ'. गेटी संस्थेचा एएटी हा कलाविषयक शब्दकोश ऑनलाइन फुकट आहे, त्यातले क्रमांक आपल्या शब्दांना जोडून ठेवा. मात्र समई, निरांजन, लामणदिवा यांना सरसकट 'दिवा' करू नका. 'दिवा' हा वर्ग, 'लामणदिवा' हे नाव.

सॉफ्टवेअरचं फार मनावर घेऊ नका. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं 'जतन' मोठ्या सरकारी संग्रहालयांत भेटेल, छोट्या ठिकाणी एक्सेल. मापं सेंटिमीटरमध्ये, आधी उंची मग रुंदी, चौकट धरून की सोडून तेही लिहा. लक्ष्मीच्या साडीवर कुणी हौसेने जर-टिकल्या शिवल्या असतील तर त्या 'साहित्य' मध्ये येतात, पण छापखान्याच्या खात्यावर नाही. 'नंतरची भर' असा रकाना त्यासाठीच असतो. संग्रहालयाने वस्तूला दिलेला दाखल क्रमांक मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलीने. बॉलपेन टेबलावर नकोच.