अंगावरचं दूध की डब्याचं? या चुका टाळा

बाळंतिणींच्या वॉर्डात काम करायला लागून मला चोवीस वर्षं झाली. त्यातली शेवटची नऊ मी फक्त दूध पाजण्याचंच बघते. आईला नीट बसवायचं, बाळ छातीशी धरायला शिकवायचं, घरी गेल्यावर फोन येतील तेव्हा उत्तरं द्यायची. अंगावरचं पाजायचं की डब्याचं, हा निर्णय अजूनही बहुतेक घरांत रात्री दोन वाजता होतो. बाळ रडत असतं, आणि खोलीतलं सगळ्यात घाबरलेलं माणूस तो घेऊन टाकतं. तो बाळाची शू-शी आणि वजन बघून घ्यायचा असतो, एवढंच मी रोज सांगत असते.

दुसऱ्याच रात्री "हिला दूध नाही" असं ठरवणं

सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने होतं. पहिले दोन-तीन दिवस येतं ते चिकाचं दूध, दाट आणि पिवळसर. पहिल्या दिवशी एका वेळेला चहाचा चमचाभर आलं तरी बाळाला पुरतं. पांढरं दूध साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात उतरतं. सीझर झालं असेल किंवा आईला मधुमेह असेल तर थोडं मागे पडतं. दुसऱ्या रात्री बाळ सारखं छातीशी मागतं, ठेवलं की रडतं. त्याचं हे चोखणंच दूध उतरवतं.

एक पहिलटकरीण होती, सीझर झालेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची आई दारात येऊन म्हणाली, "सिस्टर, पोरीला दूधच नाही हो. दाबून बघितलं तर थेंब येतो नुसता." मी म्हटलं, "आज थेंबच यायचा काकू, लावत राहा." माझी ड्यूटी संपली होती, मी घरी गेले. सकाळी बघते तर उशाशी डबा आणि बाटली. रात्री मामाने मेडिकलमधून आणली होती. बाळ ६० मिली पिऊन गाढ झोपलं होतं आणि सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले होते. "बघा, भूकच होती."

बाळ पाच तास उठलं नाही. पाच तास छातीला तोंड लागलं नाही. पुढच्या वेळीही तेच झालं. चौथ्या दिवशी दूध उतरलं तेव्हा छाती दगडासारखी झाली, काळसर भाग ताणून सपाट झाला आणि बाटलीच्या सवयीचं बाळ नुसतं तोंड फिरवून रडू लागलं. ती विसाव्या दिवशी माझ्याकडे आली तेव्हा खरोखरच थेंब येत होते. हाताने दूध काढणं, वाटी-चमचा, रात्री उठून लावणं, हे सगळं तीन आठवडे केल्यावर गाडी निम्म्यावर आली. "मला आधी कुणी सांगितलं का नाही?" असं विचारताना ती रडली. मी सांगितलं होतं, पण तिच्या आईला, दारात उभ्या उभ्या.

तेव्हापासून मी बाळंतिणीच्या खाटेवर बसून, नवरा, सासू, आई सगळ्यांना समोर उभं करून बोलते. स्टीलच्या चमच्यात तिच्याच हाताने चार थेंब काढायला लावते. बोटं काळ्या भागाच्या मागे ठेवायची, आधी छातीकडे दाबायची, मग एकमेकांजवळ आणायची. चमच्यात पिवळा थेंब चकाकला की खोलीतली अर्धी भीती जाते. तो चमचा बाळाच्या ओठाला लावायचा.

दूध मागणीवर बनतं. स्तन जितका रिकामा होईल तितकं पुन्हा भरतं. अळीव, डिंकाचे लाडू, बाजरीची खिचडी जरूर खा, बाळंतिणीला ताकद लागते. पण दिवसातून चारदाच पाजलं तर लाडवांनी दूध वाढणार नाही. सुरुवातीला चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं. आईला झोप मिळावी म्हणून रात्रीचं पाजणं डब्यावर टाकणारी घरं मायेनेच तसं करतात, पण दूध बनवायला सांगणारं संप्रेरक रात्रीच जास्त असतं. आईला झोप द्यायची तर दिवसा द्या. पाहुणे थांबवा, घरातली कामं उचला.

पुरतंय की नाही हे असं बघा. पहिल्या दिवशी एक शू, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत पाचव्या दिवसापासून सहा किंवा जास्त. शी आधी डांबरासारखी काळी, मग हिरवट, चौथ्या-पाचव्या दिवशी मोहरीसारखी पिवळी. जन्मानंतर वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दोन आठवड्यांत पुन्हा जन्माच्या वजनावर येतं. मी घरोघरी कालनिर्णयाच्या चौकोनात रेघा मारायला लावते, शूची आडवी, शीची उभी. पंप लावून किती मिली निघालं यावरून काही ठरवू नका. नीट तोंड लावलेलं बाळ पंपापेक्षा जास्त ओढतं.

पावडर "पचावी" म्हणून पातळ करणं

अडीच महिन्यांचं बाळ होतं. जन्माला २.९ किलो, आणि माझ्याकडे आणलं तेव्हा जेमतेम ३.६. आई शिवणकामाच्या कारखान्यात परत जायला लागली होती, बाळ आजीकडे आणि पूर्ण डब्यावर. हगवण नाही, ताप नाही. मी फक्त विचारलं, "४०० ग्रॅमचा डबा किती दिवस जातो?" आजी म्हणाल्या, "पंधरा दिवस तर आरामात जातो की."

इथेच सगळं कळलं. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं लिहिलेलं असतं. चार किलोच्या आसपासचं बाळ दिवसाला साधारण ६०० मिली पितं, म्हणजे वीस चमचे. या हिशोबाने डबा चार-पाच दिवसांत संपायला हवा. आजी १०० मिली पाण्यात एक चमचा घालत होत्या. "एवढ्याशा जिवाला दाट दूध पचतंय व्हय?" त्यांनी मनापासून विचारलं. पोरावर त्यांचा जीव होता. पाण्यानेच पोट भरल्यामुळे बाळ रडतही नव्हतं. जाताना जिन्यात आईने हळूच सांगितलं की डबे परवडतही नव्हते.

पातळ दुधाने वजन तर अडतंच, शिवाय जास्तीच्या पाण्याने रक्तातलं सोडियम उतरून बाळाला झटके येऊ शकतात. या बाळाचं तिथवर गेलं नाही. त्याच दिवसापासून माप बरोबर केलं, पहाटे, संध्याकाळी आणि रात्री आईने पुन्हा अंगावर लावायला सुरुवात केली, आणि महिन्याभरात वजनाने उचल खाल्ली.

म्हणून कुणी डब्याचं ठरवतंय म्हटलं की मी आधी हिशोब मांडते. महिन्याला सहा-सात डबे, बाळ वाढेल तसे आणखी. हे आधी बघा, मग अंगावरचं सोडायचं का ते ठरवा. आधी दूध आटू द्यायचं आणि मग परवडत नाही म्हणून पातळ करायचं, यात बाळ दोन्हीकडून उपाशी राहतं.

माझी पद्धत अशी. आधी पाणी मोजून घ्यायचं, मग पावडर. चमचा दाबून किंवा शिगेला भरायचा नाही, सुरीच्या पाठीने सपाट करायचा. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून उकळलेलं पाणी अर्ध्या तासाच्या आत, चांगलं गरम असतानाच वापरायचं. मग भांडं नळाखाली धरून गार करायचं आणि मनगटावर थेंब टाकून बघायचं. केलेलं दूध दोन तासांत संपवा. उष्टं उरलेलं ओतून द्या, जीव कितीही तुटला तरी. शक्यतो बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा जुनं बोंडलं वापरा, ती धुवायला आणि उकळायला सोपी. आणि डब्यावरचा आकडा बघा, १ म्हणजे सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी.

"फार शहाणं बाळ, रडतच नाही"

ही उलटी चूक, आणि शिकलेल्या घरांत मी ती जास्त बघते. डब्याला हात लावायचा नाही असा पण केलेला असतो. बाळ छातीशी लागतं, दोन घोट घेतं, झोपतं. असं एक पाच दिवसांचं बाळ आलं होतं, वजन १२ टक्के उतरलेलं. लंगोटावर विटकरी डाग होता, घरच्यांना तो रक्ताचा वाटला होता. तो घट्ट झालेल्या लघवीचा होता. पहिल्या दोन दिवसांत असा डाग चालतो, पाचव्या दिवशी दिसला तर बाळाला दूध मिळत नाहीये. त्या बाळाला दाखल करावं लागलं.

पहिल्या आठवड्यात झोपाळू बाळाला तीन तासांनी उठवून पाजायचंच. शू कमी झाली, कावीळ वाढली, बाळ मलूल पडलं, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा. ते म्हणाले वरचं द्या, तर द्या. तेव्हा ते औषधच असतं. कमी दिवसांचं बाळ अतिदक्षता विभागात असेल तर दात्या मातेचं दूध मिळेल का, हेही विचारा. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली, आज राज्यात अशा अनेक पेढ्या आहेत.

बाकीच्या, थोडक्यात

सहा महिने वरचं पाणी नको, उन्हाळ्यातही नको. आईच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं.

मध चाटवू नका, वर्षाच्या आत बाळाला त्यातून जीवघेणी विषबाधा होऊ शकते. उघड्या सहाणेवरची गुटीही सहा महिने नको.

गाईचं दूध पाणी घालूनही वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून देऊ नका. त्यात लोह कमी आणि बाळाच्या मूत्रपिंडाला झेपणार नाहीत इतकी प्रथिनं, क्षार.

आईला साधा ताप-सर्दी आली म्हणून अंगावरचं बंद करू नका.

फुकट नमुन्याचा डबा कुणी हातात ठेवला तर घेऊ नका. १९९२ च्या कायद्याने बालदुधाची जाहिरात आणि नमुने वाटणं बंद आहे.

दोन्ही द्यायचं ठरलं तर

थायरॉइड, आधीची छातीची शस्त्रक्रिया, जुळी, नोकरी, कारण काहीही असो, त्या आईला घरात कुणी टोचून बोलू नये. तिने आधीच खूप सोसलेलं असतं. फक्त क्रम पाळा. प्रत्येक वेळी आधी दोन्ही बाजूंना लावा, मग डॉक्टरांनी सांगितलेलं वरचं मोजून वाटी-चमच्याने द्या. दर आठवड्याला त्याच काट्यावर, उघड्या अंगाने वजन करा. ते नीट वाढत असेल तर डॉक्टरांना विचारून एकेका वेळचं वरचं थोडं कमी करून बघता येतं. मी आधी दुपारचं कमी करते, कारण तेव्हा घरात कुणीतरी जागं असतं.